फुगवटा कुठे थांबतो?

नदी कुठे संपते आणि जलाशय कुठे सुरू होतो? उजनीकाठच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, यंदा पाणी किती आलंय त्यावर. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड नदीसाठी मात्र ही रेघ कायद्याने आखली आहे.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी मर्सेड न्यू एक्सचेकर धरणाच्या मॅक्लुअर जलाशयात शिरते. जलाशयाचा साठा सुमारे ४४ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे पुण्याच्या खडकवासला साखळीच्या दीडपट. अमेरिकेच्या १९६८च्या नदीसंरक्षण कायद्याखालच्या नद्यांत मर्सेड १९८७मध्ये आली आणि १९९२मध्ये हे संरक्षण जलाशयाच्या तोंडापर्यंत वाढलं. पुढे तिथल्या सिंचन संस्थेने सांडवा १० फुटांनी उंचवायची परवानगी मागितली. त्यातून तीन टीएमसी जादा पाणी मिळणार होतं, तेही फक्त भरपूर पावसाच्या वर्षांत, थोडे दिवस. दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याची ही मागणी अवाजवी नव्हती.

पण वाढलेलं पाणी नुसतं वर चढत नाही, ते रेघ ओलांडून संरक्षित नदीत मागे सरकतं. या मागे पसरलेल्या, साठलेल्या पाण्यालाच फुगवटा म्हणतात. वाहता प्रवाह फुगवट्याला टेकला की त्याचा वेग मरतो. आधी गोटे बसतात, मग वाळू, शेवटी गाळ. गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि तिथे वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्यांना जागाच उरत नाही. काठावरच्या झाडांची मुळं आठवडेच्या आठवडे बुडून राहिली की प्राणवायूवाचून कुजतात. ‘थोडे दिवस’ हा हिशेब माणसांचा झाला, मुळांचा नव्हे. २०१२च्या जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने मागणी मान्य केली, सिनेटने नाही. रेघ जागीच राहिली.

याच कायद्याने रस्त्यांना मात्र जागा ठेवली आहे. फक्त पायवाटेने गाठता येणारी नदी ‘वन्य’, अधूनमधून रस्ता पोचतो ती ‘निसर्गरम्य’, काठानेच रस्ता किंवा रेल्वे जाते ती ‘मनोरंजना’ची. मला हा भेद मनापासून पटतो. रस्ता नदीचा काठ घेतो, फुगवटा तिचं वाहणंच घेतो.

म्हणून रस्ता फुकट मिळतो असं नाही. २००६मध्ये मर्सेडच्या खोऱ्यात मोठी दरड कोसळली आणि योसेमिटीकडे जाणारा १४० क्रमांकाचा महामार्ग गाडला गेला. तात्पुरते पूल टाकून वाहतूक पलीकडच्या काठावरच्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर वळवली. एकच मार्गिका, सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबायचं. कायमचा रस्ता करायला गेल्यावर आडवा आला लाइमस्टोन सॅलमँडर, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, तपकिरी, बोटभर लांबीचा, जगात फक्त याच खोऱ्यात सापडणारा. त्याला फुप्फुसं नाहीत, तो कातडीने श्वास घेतो. कातडी ओली राहिली तरच प्राणवायू आत जातो, म्हणून कोरड्या दिवसांत तो खडकांच्या गार फटींत दडून बसतो. दरड फोडायची म्हणजे त्याचं घर फोडायचं. राज्याच्या कायद्याने त्याला इतकं कडक संरक्षण होतं की कामात एखादा मरण्याची शक्यताही चालत नव्हती. अखेर त्याच २०१२ साली राज्याने केवळ या रस्त्यासाठी वेगळी तरतूद केली: काम करा, पण सॅलमँडरच्या संरक्षणाच्या अटी पाळून.