शाळाप्रवेशाचा हक्क (भारत)

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत विनामूल्य प्रवेश मिळण्याचा कायदेशीर हक्क. ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) संविधानात आलेला अनुच्छेद २१ क हा या हक्काचा पाया असून, ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ या कायद्यान्वये १ एप्रिल २०१० पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

हक्काचा झगडा मात्र फार जुना आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे दाद मागितली. न्याय त्याच्या बाजूने आहे हे मान्य करूनही सरकारने त्याला शाळेत घेतले नाही. पुढे बडोदा संस्थानात १९०६ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला कोल्हापुरात दरमहा एक रुपया दंड होता. २००९ च्या कायद्यात ‘सक्ती’ या शब्दाचा रोख बदलला. मुलाला शाळेत पाठवणे हे पालकांचे कर्तव्य या कायद्यातही सांगितले आहे. तथापि प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता घडवून आणण्याचे बंधन सरकारवर व स्थानिक प्राधिकरणावर (महापालिका, जिल्हा परिषद यांसारख्या संस्थांवर) आहे. कायद्याचे मर्म येथेच आहे, कारण त्यामुळे कागदपत्रांची उणीव मुलाच्या माथी मारता येत नाही.

ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातील मुलाचे उदाहरण पाहावे. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात आलेल्या या मुलाजवळ जन्माचा दाखला नसतो, शाळा सोडल्याचा दाखला गावीच राहिलेला असतो आणि वर्ग सुरू होऊन चार-पाच महिने उलटलेले असतात. ‘आधी दाखला आणा, मग बघू’ असे उत्तर त्याला मिळाले, तर ते उघडपणे बेकायदा ठरते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, उलट तो दाखला देण्यास दिरंगाई करणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो (कलम ५). आणि मुदत टळली हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही (कलम १५). कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत न बसवता तिच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे लागते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे तिचे शिक्षण मोफतच राहते (कलम ४). स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

आधार क्रमांकाच्या सक्तीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शाळाप्रवेशासाठी तो अनिवार्य नसल्याचे स्पष्ट केले.

विनाअनुदानित खाजगी शाळांना पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखाव्या लागतात. अल्पसंख्याक शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. आरटीई (शिक्षण हक्क कायद्याचे रूढ इंग्रजी लघुरूप) म्हटले की लोकांपुढे बहुधा याच जागांची सोडत येते, आणि सरकारी शाळेच्या दारातच अडलेले मूल चर्चेबाहेर राहते, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रवेश नाकारल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तोंडी नकाराची कुठेही नोंद राहत नसल्याने पालकांनी प्रवेशाचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घेणे अत्यंत आवश्यक आहे.