आयरिश धुना: नेटवर येण्याआधी आणि आल्यावर

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतातली रील किंवा जिग ही नाचाची धून तशी छोटीच. बहुधा आठ-आठ बारांचे (बार म्हणजे तालाचं एक माप) दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजवायचा. ती पबमधल्या बैठकीत ऐकून उचलायची, ही रीत. आज शिकणारा आधी मोबाइल उघडतो. पण धून कानापासून सुटायला लागली त्याला सव्वादोनशे वर्षं होऊन गेली.

जुलै 1792 मध्ये बेलफास्टला उरलेसुरले हार्पवादक जमवले गेले. दहा आयरिश वादक आले, त्यांत बरेचसे अंध. एडवर्ड बंटिंग या 19 वर्षांच्या ऑर्गनवादकाला धुना टिपायला बसवलं, पदरचा एकही स्वर घालू नकोस अशी ताकीद देऊन. त्याचा संग्रह 1796 मध्ये आला तो मात्र पियानोसाठी बेतलेला! नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन तारा नखांनी छेडायचा. तो नाद कागदावर उतरण्यातला नव्हताच.

पुढचा मोठा संग्राहक चक्क शिकागोचा पोलीसप्रमुख. कॉर्क परगण्यात जन्मलेला फ्रान्सिस ओ'नील बासरी वाजवायचा, पण स्वरलेखन त्याला जमत नसे. तो वाजवून दाखवी आणि त्याच्याच दलातला जेम्स ओ'नील लिहून घेई. 1903 च्या त्यांच्या संग्रहात 1850 धुना आहेत.

तबकड्यांनी त्याहून मोठी उलथापालथ केली. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मायकेल कोलमन 1914 मध्ये अमेरिकेला गेला. 1921 पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या आणि मायदेशी पोचल्या. मग दुसऱ्या परगण्यांतले वादकही स्लायगोच्या धाटणीनं वाजवू लागले. ‘नेटमुळे सगळे एकसारखं वाजवतात’ ही तक्रार मला म्हणूनच उशिराची वाटते. ती खरं तर तबकडीवर करायला हवी होती.

नेटवर या धुना वाजवणारी मंडळी एकमेकांना सापडली ती आधी आवाजातून नव्हे, अक्षरांतून. ख्रिस वॉलशॉ यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एबीसी’ लेखन पुढे आणलं. स्वराला साधं रोमन अक्षर, वरच्या सप्तकात तेच अक्षर लहान लिपीत, दुप्पट लांबीसाठी पुढे 2. वर ‘टी’समोर नाव, ‘के’समोर पट्टी. अख्खी रील चार-सहा ओळींच्या ई-मेलमध्ये मावायची, आणि तेव्हाच्या मोडेमला तेवढंच झेपायचं.

2001 मध्ये सुरू झालेल्या ‘द सेशन’सारख्या संकेतस्थळावर एकाच धुनेखाली सदस्यांनी लिहिलेले पाठभेद एकाखाली एक राहतात, सोबत तिची इतर नावं आणि त्यांवरून झडलेले वाद. छापील पुस्तकाला एक पाठ निवडणं भाग पडायचं. या संगीताला नेटची ही पद्धत जास्त मानवते, असं माझं मत. अर्थात घाईतला शिकाऊ पहिलाच पाठ उचलणार, मग तो कुणी कसाही टंकलेला असो.

शिवाय एबीसीत रोलसाठी, म्हणजे स्वराभोवती झटकन घेतलेल्या अलंकारासाठी, खूण आहे, पण तो किती झटक्यात घ्यायचा हे खुणेत येत नाही. जाणकार लिहिलेली धून आठवण ताजी करण्यापुरती वापरतात; बैठकीत कागद उघडून बसलेला त्यांना फारसा रुचत नाही. 2020 च्या टाळेबंदीत पब बंद पडले तेव्हा सगळं व्हिडिओ कॉलवर आलं. तिथे आवाज क्षणभर मागे पडतो, आणि तेवढ्यानं रील मोडते. मग एकानं वाजवायचं आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी त्याला साथ करायची, अशा बैठका चालल्या.