अनस्ट्रक्चर्ड जॅकेट : निगा आणि फिटिंग

खांद्यात पॅड नाही, छातीत कॅनव्हास (आकार देणारा आतला ताठ कापडाचा थर) नाही किंवा अगदी पातळ आहे, अस्तर असलेच तर पाठीच्या वरच्या भागापुरते आणि बाह्यांत, अशा मऊ शिलाईच्या जॅकेटला अनस्ट्रक्चर्ड जॅकेट म्हणतात. नेहमीच्या कोटाला आतले थर आकार देतात. इथे तो भार कापडावर, कटिंगवर आणि घालणाऱ्याच्या खांद्यांवर येतो. म्हणून त्याची निगा कोटापेक्षा सोपी, पण फिटिंगची दुरुस्ती अवघड.

या शैलीचे माहेर इटलीतले नेपल्स शहर. जेन्नारो रुबिनाच्ची यांनी तिथे १९३०च्या दशकात ‘लंडन हाउस’ हे दुकान काढले. नाव इंग्रजी असले, तरी त्यांचे कटर विन्चेन्झो अत्तोलिनी यांनी इंग्रजी कोटातले पॅड आणि जड थर काढून टाकले. पुढे, १९७५ मध्ये मिलानमध्ये स्वतःची कंपनी काढणाऱ्या जॉर्जो अरमानी यांनी हाच मऊपणा तयार कपड्यांत आणला.

खांदा : फिटिंग इथूनच पाहावे. खांद्याची शिलाई हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. पॅड नसल्यामुळे रुंद खांदा लगेच बाहीवर ओघळतो. तो आत घ्यायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) नव्याने कापावा लागतो. खर्च मोठा आणि निकालाची खात्री कमी, तेव्हा असे जॅकेट न घेतलेलेच बरे. नेपल्सच्या ‘स्पाला कामिचा’ म्हणजे शर्टासारख्या खांद्यात मुंढ्यापेक्षा मोठी बाही बारीक चुण्या देऊन बसवतात. या चुण्या म्हणजे शिलाईतली चूक नव्हे. इस्त्री करणाऱ्याला हे आधी सांगावे, नाहीतर तो त्या दाबून सपाट करतो.

कंबर आणि बाही : बटण लावल्यावर तिथून चारी दिशांना ताणाच्या सुरकुत्या निघत असतील तर कंबर घट्ट आहे. सैल कंबर बाजूच्या शिलाईतून सहज आत घेता येते. सैल करण्यासाठी मात्र आत कापड दाबलेले हवे. बिनअस्तरी जॅकेटमध्ये शिलाईच्या कडा उघड्या दिसतात, म्हणून त्यांना उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीचे पाईपिंग करतात आणि मार्जिन बहुधा कमी ठेवतात. घेण्याआधी जॅकेट उलटे करून पाहावे. दुरुस्तीनंतर तेच पाईपिंग पुन्हा करून द्यायला टेलरला बजावावे. एरवी अस्तराखाली झाकले जाणारे काम इथे डोळ्यांसमोर राहते. बाही मनगटाशी आखूड करता येते, पण तिथे खरी काजे असतील तर ती कडेला जाऊन भिडतात. मग बाही खांद्यातून उचलावी लागते.

निगा : घातल्यानंतर मऊ ब्रशने धूळ झाडावी, रुंद खांद्याच्या हँगरला लावून किमान एक दिवस विश्रांती द्यावी. तारेच्या हँगरने खांद्याला टोक येते आणि ते लपवायला आत पॅड नसते. सुरकुत्या वाफेने काढाव्यात. कॉलरपासून बटणापर्यंत येणारी लॅपलची (छातीवर उलटणाऱ्या पट्टीची) गोल घडी इस्त्रीखाली कधीही दाबू नये. या कपड्याचे सगळे सौंदर्य त्या वळणात आहे. ड्रायक्लीन गरजेपुरतेच. सुती किंवा लिननचे जॅकेट लेबलवर परवानगी असेल तर थंड पाण्यात हाताने धुवावे, न पिळता, हाताने आकार देऊन सावलीत वाळवावे. बाहेरून शिवलेल्या खिशांत जड फोन ठेवल्यास खिसा लोंबतो आणि समोरचा पल्ला खाली ओढला जातो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कापडावर बुरशी येते. डाग तसेच ठेवून कपडा आत टाकू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती चादरीत झाकावे आणि उघडीप मिळेल तेव्हा वाऱ्यावर टांगावे. लोकरीला कसर लागून भोक पडले, तर कापड उसवत जाण्याआधी रफू करून घ्यावे.