बर्गरमधला लाल रस आणि सोयाबीनची मुळं

वनस्पतीजन्य बर्गरची पॅटी कापली आणि आतून लाल रस पाझरला, की खाणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. हे नक्की शाकाहारी आहे ना? मग रक्त कुठून आलं?

खरं तर मांसाच्या पॅटीतून पाझरतं तेही रक्त नसतं. जनावर कापताना बहुतेक रक्त निघून जातं. उरतं ते स्नायूंमधलं पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन. (नावाचाही असाच घोटाळा आहे. हॅम्बर्गरचा 'हॅम'शी, म्हणजे डुकराच्या मांसाशी, संबंध नाही. ते नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं.)

मायोग्लोबिन म्हणजे स्नायूंचं प्राणवायूचं कोठार. प्रथिनाच्या घडीत 'हीम' नावाचं चपटं कडं बसलेलं असतं आणि कड्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. प्राणवायू धरतो तो हा अणू. लाल रंगही या हीमचाच.

बर्गरची रूपं देशोदेशी बदलतात. जपानमध्ये तो पावाशिवाय, भात आणि सॉससोबत येतो. ऑस्ट्रेलियात त्यात बिटाची चकती आणि तळलेलं अंडं असतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात पातळ चिरलेला कांदा तव्यावरच पॅटीत दाबतात. मांसाचा वास मात्र सगळीकडे तोच. राजमा, मशरूम किंवा बटाट्याची पॅटीही तव्यावर छान खरपूस होते, कारण शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली माय्यार अभिक्रिया तिथेही घडते. तरी तिला मांसाचा वास येत नाही. कमी पडतं ते हीम. तापल्यावर प्रथिनाची घडी उलगडते, लाल रंग तपकिरी होतो आणि मोकळं झालेलं हीम उत्प्रेरकाचं काम करतं. स्निग्ध पदार्थ, शर्करा आणि गंधकयुक्त अमिनो आम्लं यांच्यातून ते शेकडो गंधद्रव्यं घडवून आणतं.

मग वनस्पतीत हीम कुठे सापडणार? उत्तर जमिनीखाली आहे आणि मला ते बर्गरपेक्षाही मोलाचं वाटतं.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला खतांच्या कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानाला, नायट्रोजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने करतात. पण हे विकर प्राणवायूच्या स्पर्शाने कायमचं निकामी होतं. दुसरीकडे, नायट्रोजनच्या एका रेणूमागे निदान १६ एटीपी, म्हणजे पेशींतलं ऊर्जेचं चलन, खर्ची पडतं आणि तेवढी ऊर्जा मिळवायला जिवाणूंना श्वसन करावंच लागतं. म्हणजे प्राणवायू हवाही आणि नकोही.

झाडाने यावर काढलेला तोडगा म्हणजे लेगहिमोग्लोबिन. हे प्रथिन प्राणवायूला इतकं घट्ट पकडतं, की गाठीतला मोकळा प्राणवायू हवेशी संपर्कात असलेल्या पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी कमी राहतो. पण पकडलेला प्राणवायू ते जिवाणूंपर्यंत सतत पोचवतही राहतं. विकर सुरक्षित, श्वसन चालू. आणि या प्रथिनातलं हीम मायोग्लोबिनमधल्या हीमसारखंच, अगदी अणूला अणू जुळणारं!

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राऊन यांनी हेच हेरलं आणि २०११ साली 'इम्पॉसिबल फूड्स' ही कंपनी काढली. लेगहिमोग्लोबिनसाठी शेतंच्या शेतं उपटणं परवडणारं नव्हतं. म्हणून सोयाबीनमधलं त्याचं जनुक यीस्टमध्ये घातलं आणि टाक्यांमध्ये हे प्रथिन तयार केलं. त्यात प्राण्याचा अंशही नाही. पॅटी २०१६ मध्ये बाजारात आली.

जनुक बदललेलं यीस्ट म्हटलं की घाबरणारे आहेत, आणि 'वनस्पतीजन्य' म्हटलं की डोळे झाकून आरोग्यदायी मानणारेही आहेत. दोघांनी वेष्टन वाचावं. अशा अनेक पॅटींमध्ये खोबरेल तेलातली संपृक्त चरबी आणि बऱ्यापैकी मीठ असतं. तिथे हीमचा काही दोष नाही.

हे हीम डोळ्यांनी पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचं रोप मुळांसकट हलकेच उपटा, माती धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लाल दिसली तर तिथे नायट्रोजनचं काम जोरात चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर काम अजून सुरू झालेलं नाही किंवा थांबलं आहे.