सोन्यावरची सहा अक्षरं

सोयाबीनचे पैसे हाती आले, तुळशीचं लग्न उरकलं, की लातूर, नांदेड, जालन्याच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी डाग घेताना आधार दोनच असायचे, कसोटीचा काळा दगड आणि सराफावरचा विश्वास. आता तिसरा आलाय: दागिन्यावर लेझरनं कोरलेली सहा इंग्रजी अक्षरं आणि आकडे, म्हणजेच एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का असलेला, दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही.

हा क्रमांक सराफ स्वतः देत नाही. नोंदणीकृत सराफ दागिने तपासणी केंद्राकडे पाठवतो आणि ते किती कॅरेटचे आहेत हे ऑनलाइन कळवतो. केंद्रात आधी क्ष-किरण यंत्र. क्ष-किरण धातूच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात, रिकाम्या जागी बाहेरचा येतो आणि येताना ठरावीक ऊर्जेचा किरण सोडतो. सोन्याचा वेगळा, तांब्याचा वेगळा. त्यांच्या प्रमाणावरून काही सेकंदांत शुद्धता कळते. पण हे किरण पृष्ठभागाखाली जेमतेम काही मायक्रॉनपर्यंतची माहिती देतात. वर जाड मुलामा असला तर आतलं तांबं त्यांना दिसत नाही.

म्हणून लॉटमधले काही नग निवडून त्यांचा थोडा अंश कापून वितळवतात. त्यात चांदी घालतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत सच्छिद्र मुशीत ठेवतात. शिसं, तांबं आणि इतर हिणकस धातू ऑक्साइड होऊन मुशीत मुरतात, वर सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात टाकला की चांदी विरघळते. उरलं ते सोनं. आधीचं आणि नंतरचं वजन मांडलं की हिशेब हजारात एखाद्या भागापर्यंत नेमका लागतो. लॉट पास झाला तरच केंद्रीय संगणक प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देतो.

दागिन्यावर तीनच खुणा शोधायच्या: भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि सहा अक्षरं. साखळीत त्या कडीजवळ असतात, अंगठीत आतल्या बाजूला. अक्षरं इतकी बारीक असतात की दुकानातलं भिंग मागावंच लागतं. द्यायचं दुकानावर बंधन आहे, संकोच कशाला? मग ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये ‘व्हेरिफाय एचयूआयडी’ उघडून क्रमांक स्वतः टाइप करायचा. दुकानाच्या कार्डावरचा क्यूआर कोड कुठे नेईल, सांगता येत नाही.

इथेच बहुतेकांची चूक होते. अॅपवर नोंद दिसली की लोक फोन खिशात घालतात. खरा क्रमांक चोरून दुसऱ्या नगावर कोरणं लबाडाला अवघड नाही, आणि अॅप त्यालाही नोंद दाखवणारच. म्हणून नोंदीतला दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाचं नाव आणि तारीख हातातल्या वस्तूशी आणि पावतीशी ताडून पाहायची. हातात पोहेहार आणि अॅपवर अंगठी, तर तो हार तिथेच ठेवायचा. नोंदच सापडली नाही तर आधी अक्षर नीट वाचलं का ते पाहावं.

शिक्का शुद्धता सांगतो, वजन नाही. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली. लाख सोन्याच्या भावानं मोजली गेली तर ९१६ चा शिक्का काय कामाचा? पावतीवर निव्वळ सोनं, खडे-लाख, कॅरेट, घडणावळ आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. काटा शून्यावर आहे ना, काचेचं दार बंद आहे ना, एवढंही पाहावं. डोक्यावरचा पंखा चालू असला तरी मिलिग्रॅमचे आकडे नाचतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी फेरपडताळणी व्हावी लागते.

दोन ग्रॅमच्या आतले डाग, कुंदन-पोलकी आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेले सराफ यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. सक्तीही जिल्हानिहाय, टप्प्याटप्प्यानं आली. आठवडी बाजाराच्या गावातला छोटा सराफ या सवलतीत बसू शकतो, तिथे पावती हाच पुरावा. घरातलं जुनं सोनं मोडायला मात्र एचयूआयडी लागत नाही.

शंका आली तर कुणीही आपला दागिना केंद्रात तपासून घेऊ शकतो. शुद्धता कमी निघाली तर नियमानं फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. समजा १० ग्रॅमच्या २२ कॅरेट साखळीत १८ कॅरेटच सोनं निघालं. ९.१६ ऐवजी ७.५ ग्रॅम शुद्ध सोनं, म्हणजे १.६६ ग्रॅम कमी. शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला तर फरक १६,६०० आणि भरपाई ३३,२०० रुपये. तक्रार त्याच अॅपवर किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतूनही करता येते, फक्त पावती हवी.