मालक कोण, सभासद कोण: मर्यादित कंपनीची पार्श्वभूमी

बडोद्यात मांडवीच्या आसपासच्या जुन्या पेढ्यांमध्ये मालकीचा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा नसे. भांडवल ज्याचे, शब्द त्याचा, आणि धंदा बुडालाच तर राहते घरही त्याचेच जाई. भागीदारीने हे ओझे हलके होत नाही, कारण १९३२ चा भागीदारी कायदा आजही प्रत्येक भागीदाराला पेढीच्या सगळ्या देण्यासाठी जबाबदार धरतो. मर्यादित दायित्वाची, म्हणजे गुंतवले तेवढेच बुडेल, घरादारावर टाच येणार नाही, ही कल्पना याच धास्तीवरचा उतारा म्हणून पुढे आली.

इंग्लंडने ती १८५५ मध्ये आणि ब्रिटिश हिंदुस्थानने १८५७ मध्ये कायद्यात आणली. बँकांना मात्र १८६० पर्यंत थांबावे लागले. बडोदा संस्थानाचा स्वतःचा कंपनी कायदा १८९७ चा. त्याच कायद्याखाली २० जुलै १९०८ रोजी दहा लाख रुपयांच्या भरणा भांडवलावर बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. पुढाकार सयाजीराव महाराजांचा असला, तरी ती दरबारचे एखादे खाते न होता भागधारकांची कंपनी झाली, हा तपशील महाराजांच्या गौरवात सहसा मागे पडतो.

कंपनी ही सभासदांहून, म्हणजे तिच्या भागधारकांहून, कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती आहे, हे लंडनच्या सॅलोमन नावाच्या बूट व्यावसायिकाच्या खटल्यात पक्के झाले. २०,००१ भाग (शेअर) त्याचे स्वतःचे होते आणि कायद्याला लागणारे सात सभासद भरावेत म्हणून पत्नी व पाच मुलांच्या नावे एकेक भाग होता. तरीही कंपनीचे कर्ज कंपनीचेच, सॅलोमनचे नव्हे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये ठरवले.

या तत्त्वाची दुसरी बाजू बँकांच्या राष्ट्रीयीकरणात उघड झाली. १९ जुलै १९६९ च्या वटहुकमाने सरकारने भागधारकांचे भाग घेतले नाहीत, तर १४ बँक कंपन्यांचा सगळा व्यवसायच नव्या संस्थांकडे वर्ग केला. भागधारक आपापल्या कंपनीचे सभासद राहिले, फक्त त्या कंपनीकडे बँक उरली नाही. बँक ऑफ बडोदासह चार बँकांचे भाग बाळगणारे रुस्तम कावसजी कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा मालमत्ता गेली ती कंपनीची, तुमची नव्हे, असा सरकारचा आक्षेप होता. फेब्रुवारी १९७० च्या निकालात न्यायालयाने कंपनीचे वेगळेपण मान्य केले, पण त्याच कृतीने भागधारकाच्या स्वतःच्या हक्काला धक्का लागत असेल तर त्याला दाद मागता येते, असे म्हणून वटहुकमाच्या जागी आलेला राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्दबातल ठरवला. सरकारने लगेच नवा कायदा आणून राष्ट्रीयीकरण तडीस नेले. भागधारकाने मिळवलेला मुद्दा मात्र टिकून राहिला.

अमेरिकेत १९७७ मध्ये वायोमिंग राज्याने एलएलसी (मर्यादित दायित्व कंपनी) हा प्रकार आणला. त्यात मालकांना सभासदच म्हणतात, आणि कारभार त्यांनी स्वतः पाहावा की व्यवस्थापक नेमावा हे आपसातल्या करारावर सोडलेले असते. भारताने २००८ च्या कायद्याने स्वीकारली ती एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी). तिच्यात सभासद नसून भागीदार असतात आणि त्यांपैकी किमान दोघांना कायदेशीर पूर्ततेसाठी नामनिर्देशित करावे लागते.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याने सारे वजन नोंदीवर ठेवले आहे. मकरपुऱ्यातल्या एखाद्या कारखान्याचे सभासदांचे रजिस्टर उघडले, तर नाव, पत्ता, भागांची संख्या आणि सभासद झाल्याची तारीख सापडते. कारखाना कोण चालवतो हे त्या पानावर नसते, कारण संचालकांचे रजिस्टर वेगळे. पैसे वडिलांनी घातले आणि भाग मुलाच्या नावावर घेतले, असे आपल्याकडे सर्रास होते. अशा वेळी सभेत मत मुलाचे धरले जाते, आणि भागांचे लाभ खरे कोणाचे हे दोघांनी तीस दिवसांत कंपनीला लेखी कळवायचे असते. ते कळवले नाही, तर वडिलांना त्या भागांवरचा हक्क कायद्याने बजावता येत नाही.