ईडिथ कीलर आणि तो बेघर माणूस: 'स्टार ट्रेक'मधल्या एका भागाच्या वादाची पार्श्वभूमी

'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळकथांच्या पहिल्या टीव्ही मालिकेतला सगळ्यांत चांगला भाग कुठला, असं मुंबईतल्या जुन्या चाहत्यांना विचारा. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हे नाव हमखास येतं. शेवट पटलाच नाही असा भाग कुठला, या प्रश्नावरही त्यातले काही जण हेच नाव घेतात. दादर-पार्ल्याच्या विज्ञानकथा वाचणाऱ्या मंडळींत हा विषय निघाला की चहा गार होतो. या वादाची मुळं भाग लिहिला जात होता तेव्हाच पडली होती, म्हणून त्याची हकीकत नीट सांगायला हवी.

हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. एन्टरप्राइझ या अंतराळयानावरच्या डॉक्टर मॅकॉयला चुकून एका जहाल औषधाचं इंजेक्शन टोचलं जातं. डोकं फिरलेल्या अवस्थेत तो एका निर्जन ग्रहावर उतरतो आणि तिथल्या बोलणाऱ्या कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो. त्याच क्षणी यान नाहीसं होतं, कारण इतिहास बदललेला असतो. त्याला शोधायला यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जातात. मंदीचे दिवस. ईडिथ कीलर नावाची तरुणी बेघरांना दोन घास मिळावेत म्हणून आश्रयगृह चालवते आहे. कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग स्पॉकला छडा लागतो, की ही बाई जगली तर तिची शांततेची चळवळ एवढी वाढेल, की अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल आणि अणुबाँब आधी जर्मनीच्या हाती लागेल. इतिहास मूळ जागी यायचा तर ईडिथला रस्त्यावरच्या अपघातात मरावं लागणार.

ज्यांना हा भाग आवडतो ते दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून दाखवतात. पहिल्यात ईडिथचा जिन्यात पाय अडखळतो आणि कर्क झटकन तिला सावरतो. स्पॉक ते पाहतो आणि नंतर सुनावतो, की ती पडली असती तर कदाचित तेच तिचं मरण ठरलं असतं. दुसरा प्रसंग शेवटचा. ईडिथ रस्ता ओलांडते आहे, गाडी भरधाव येते, मॅकॉय तिला वाचवायला झेपावतो आणि कर्क मॅकॉयलाच घट्ट धरून ठेवतो. ब्रेकचा आवाज, किंकाळी, पडद्यावर फक्त कर्कचा चेहरा. तू काय केलंस हे तुला कळतंय का, असं मॅकॉय ओरडून विचारतो. उत्तर स्पॉक देतो: त्याला कळतंय. जिन्यात आपसूक पुढे आलेले हात इथे उलट्या कामाला लागतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी मालिकांना एवढं नेमकं जमलेलं नाही.

पण हा भाग लेखक म्हणून ज्याच्या नावावर आहे, त्या हार्लन एलिसनला हा शेवट मुळीच मान्य नव्हता. त्याच्या मूळ संहितेत मॅकॉयचा अपघात नव्हताच. यानावरचाच एक कर्मचारी अमली पदार्थांचा धंदा करतो, खून करतो आणि पळून भूतकाळात शिरतो, अशी सुरुवात होती. शेवटी कर्क जागचा हलू शकत नाही, आणि जे करायचं ते स्पॉकला करावं लागतं. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याला हे चालणार नव्हतं. भविष्यातली माणसं आपल्यापेक्षा शहाणी झालेली असतील यावर त्याची मालिका उभी होती, त्यामुळे यानावर गर्दुल्ले आणि निर्णयाच्या घटकेला गोठलेला कप्तान त्याला नको होते. शिवाय संहिता खर्चाच्याही आवाक्याबाहेर होती. मग स्टीव्हन काराबात्सोस, जीन कून, डी. सी. फोंटाना आणि स्वतः रॉडनबेरी अशा बऱ्याच हातांतून ती फिरली. एलिसन इतका भडकला, की आपलं नाव काढून टोपणनाव घाला म्हणाला. तसं झालं नाही.

पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने एलिसनच्या मूळ संहितेला पुरस्कार दिला, आणि त्याच वर्षी विज्ञानकथेच्या वाचक-चाहत्यांचा ह्यूगो पुरस्कार पडद्यावर दिसलेल्या भागाला मिळाला. लेखकांनी एक रूप निवडलं, प्रेक्षकांनी दुसरं. आज आपण जे दोन तट पाहतो ते तेव्हाच पडले होते. एलिसनने राग सोडला नाही. १९९६ मध्ये त्याने आपली संहिता लांबलचक प्रस्तावनेसह पुस्तकरूपात छापली आणि २००९ मध्ये मानधनावरून कोर्टाची पायरीही चढला. तो वाद नंतर तडजोडीने मिटला.

दुसरी नावड राजकीय आहे, आणि मला ती जास्त वजनदार वाटते. १९६७ सालच्या अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आवाज चढत होता. हा भाग दिसण्याच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्या युद्धाविरुद्ध आपलं गाजलेलं भाषण केलं होतं. अशा आठवड्यात न्यूयॉर्कमधल्याच एका शांतताप्रेमी बाईला, तिचं बरोबर होतं पण वेळ चुकली होती, असं म्हणून मरू द्यायचं, हे अनेकांना खुपलं. चित्रीकरण त्याआधीच झालं होतं, त्यामुळे किंग यांच्या भाषणाला हे उत्तर होतं असं कुणी म्हणू नये. तरी युद्धविरोध भाबडा असतो, हा सूर त्या कथेत आहेच.

मुंबईतल्या मराठी प्रेक्षकाकडे 'स्टार ट्रेक' पोचली ती बऱ्याच उशिरा, ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर रविवारी सकाळी. तोवर इथे विज्ञानकथेची स्वतःची चव तयार झाली होती. मराठी विज्ञान परिषद मुंबईत १९६६ साली स्थापन झाली, म्हणजे 'स्टार ट्रेक' सुरू झाली त्याच वर्षी. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेला बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर हाती लागतात. ते तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. कथेतलं विज्ञान तपासून घेण्याची सवय आपल्या वाचकाला या वळणावर लागली. म्हणूनच आपल्याकडची पहिली तक्रार बहुधा त्या कालद्वाराबद्दल असते: ते चालतं कसं, याचं एका वाक्याचंही स्पष्टीकरण नाही.

बदललेल्या इतिहासाची गोष्ट तर आपल्याला परकी नव्हतीच. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये १७६१ च्या रणात विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकते, मराठे जिंकतात, आणि गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत येऊन पडतात. तिथे ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहास नेमका कुठे फुटला ते शोधतात. कुणालाही मारावं लागत नाही, आणि शेवटी पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) आधाराने काही उलगडाही होतो. ही कथा वाचलेला माणूस न्यूयॉर्कच्या त्या रस्त्याकडे बघतो तेव्हा त्याला वाटतं, की कर्कने फार लवकर हात टेकले.

आता १९३० या सालाकडे येतो. त्याच वर्षी आपल्या शहरात मिठाचा सत्याग्रह झाला, परदेशी कापडावर बहिष्कार पडला, आणि १२ डिसेंबरला काळबादेवीत विलायती कापड नेणाऱ्या लॉरीपुढे आडवा झालेला बाबू गेनू हा गिरणी कामगार त्या लॉरीखाली चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, विशीतला पोरगा. पटकथा लिहिणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक असायचं कारण नाही, आणि मी ते त्यांच्यावर लादतही नाही. पण गिरणगावात वाढलेल्या माणसाला, शांततेच्या मार्गाने लढणारं कुणीतरी १९३० साली गाडीखाली जातं, हे दृश्य निव्वळ कल्पनेतलं वाटू शकत नाही. शिवाय इतिहास कुणाच्या मरणाची दखल घेतो, हा प्रश्न त्याच्यापुढे आयता उभा असतो. विश्वासराव पेशव्यांचे चिरंजीव होते. बाबू गेनू गिरणीत राबत होता.

माझी स्वतःची नावड इथेच आहे. त्या भागात एक भटका, बेघर माणूस बेशुद्ध मॅकॉयच्या अंगावरून त्याचं शस्त्र चोरतो, चाचपडत कळ दाबतो आणि क्षणात भस्म होतो. कुणाला पत्ता नाही, इतिहासावर ओरखडा नाही, त्याचं पुढे नावही निघत नाही. ईडिथ वाचली तर जग उलथतं, आणि हा गेला तर काहीच होत नाही! ज्या बाईचं सगळं मोठेपण अशाच माणसांना जेवू घालण्यात आहे, तिच्याच गोष्टीत हे घडतं. मुद्दाम केलं असतं तर ते भेदक ठरलं असतं. पडद्यावर मात्र तो पटकन उरकलेला एक धागा आहे.

एलिसनच्या संहितेत या जागी ट्रूपर होता. पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या लढाईत दोन्ही पाय गमावलेला, रस्त्यावर राहणारा सैनिक. तो कर्कला मदत करतो आणि त्यात मरतो. पुढे कर्क त्याच्याबद्दल विचारतो तेव्हा त्याला कळतं, की काळाच्या हिशेबात ट्रूपर मोजलाच जात नाही. कर्कला ते सहन होत नाही. पुनर्लेखनात हा माणूस गेला. माझ्या मते जिन्याचा प्रसंग आणि ट्रूपर, दोन्ही एकाच भागात मावले असते. २०१४ मध्ये आयडीडब्ल्यू प्रकाशनाने मूळ संहितेवरून चित्रकथा काढली, तिच्यात ट्रूपर आहे. हा भाग आवडणाऱ्यांनी आणि न आवडणाऱ्यांनी पुढच्या वेळी भांडायच्या आधी निदान त्याची पानं वाचून यावीत.